न पेटलेल्या दिव्याचा उजेड

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत रात्री चमकणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. वळवाचे ढग जमू लागले की भीमाशंकरच्या रानात काजव्यांनी झाडे लुकलुकू लागतात. पुढे पावसाळा लागला की त्याच रानात ओल्या, कुजक्या फांद्यांवर एक बुरशी वाढते. विजेरी विझवून काही मिनिटे अंधारात स्वस्थ उभे राहिले, तर ती फिकट हिरवी दिसू लागते. आणि उसाच्या फडाच्या कडेला विजेरीचा झोत टाकताच दोन डोळे चमकले, तर ते कोणाचे हे इकडच्या मुलांना सांगावे लागत नाही.

या तिन्ही गोष्टी चमकतात खऱ्या, पण एकाच कारणाने नव्हे. काजवा आणि बुरशी स्वतः प्रकाश निर्माण करतात. त्यांच्या शरीरात एक रासायनिक क्रिया चालते आणि तिच्यातून प्रकाश बाहेर पडतो. बिबट्याचे तसे नाही. त्याच्या दृष्टिपटलामागे एक चकचकीत थर असतो. तुमच्याच विजेरीचा प्रकाश तो थर तुमच्याकडे परत पाठवतो. विजेरी नसेल तर डोळेही चमकणार नाहीत.

आज आपण चौथ्या प्रकारची चमक पाहणार आहोत. ती स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही आणि बिबट्याच्या डोळ्याप्रमाणे झोतही परत फेकीत नाही. ती असते साध्या पोस्टर रंगाची. चित्रातील किंवा मातीच्या बाहुल्यावरील दिवा पेटलेला नसतानाही पेटल्यासारखा कसा दिसतो, हा आपला प्रश्न आहे.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हा प्रश्न नवा वाटू नये. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तर मुळीच नाही. दगडमातीचा डोंगर, त्यावर अळीव पेरून केलेली हिरवळ, बुरुजावर मातीचे मावळे आणि दरवाजाशी एक मशालजी, हा थाट घरोघरी असतो. पण त्या मशालजीकडे जरा निरखून पाहा. हातातल्या मशालीला तांबडा-पिवळा रंग फासलेला असतो आणि त्याचा चेहरा, अंगरखा, ढाल सगळे भर दुपारी उन्हात उभे असल्यासारखे असते. ती मशाल पेटलेली आहे यावर आपला विश्वास बसत नाही.

परदेशांत मातीऐवजी शिशाच्या किंवा प्लास्टिकच्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळण्याचा छंद जुना आहे. मंगळावरून पृथ्वीवर झालेल्या स्वारीची विज्ञानकथा १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध करणारे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनीच १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचेही एक पुस्तक लिहिले. त्यांच्या खेळातले सैनिक त्या काळचे होते. आज याच छंदात अंतराळातील सैनिकही असतात. उंची जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि त्यांच्या हातात प्रकाशाच्या तलवारी, छातीवर ऊर्जेचे दिवे! ते दिवे खरोखर लागत नाहीत, ते फक्त रंगवलेले असतात. चांगल्या हाताने रंगवलेला सैनिक पाहिला की आत दिवा आहे की काय अशी शंका येते. मशालजी असो वा अंतराळवीर, युक्ती एकच आहे आणि ती सगळी प्रकाशशास्त्रातली आहे.

आपण उदाहरणासाठी एक अंतराळ-पहारेकरी घेऊ. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती बनली आहे. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळाशाळांतील मुलांचे प्रदर्शन भरते. समजा, त्यासाठी तुम्हाला एक देखावा करायचा आहे: परग्रहाची खडकाळ भूमी, मागे एक तबकडी, पुढे हातात निळसर हिरवा दिवा घेतलेला सात सेंटिमीटर उंचीचा पहारेकरी.

पहिला विचार मनात येतो तो छोटा बल्ब आणि सेल लावण्याचा. अंधाऱ्या खोलीत तो छान दिसेलही. पण प्रदर्शन दिवसा असते. एका मेणबत्तीएवढा उजेड देणारा बल्ब घेतला, तर पाच सेंटिमीटरवरच्या पृष्ठभागावर सुमारे ४०० लक्स इतका प्रकाश पडेल. (लक्स हे प्रदीपन मोजण्याचे एकक आहे.) दिवसा झाडाच्या सावलीत किंवा इमारतीच्या आडोशाला सहज १०,००० लक्सच्या आसपास प्रकाश असतो. मग आपले ४०० लक्स कोणाच्या नजरेत भरणार? जाता जाता हेही सांगायला हवे की दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या परिसरात विजेची उपकरणे जितकी कमी खरखर करतील तितके बरे. रंगाचा दिवा या बाबतीत अगदी गुणी आहे!

आता रंगाची अडचण पाहू. स्वच्छ पांढरा पोस्टर रंग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवतो. काळा रंग सगळा प्रकाश गिळतो असे आपण म्हणतो, पण तोही चार-पाच टक्के परत पाठवतोच. म्हणजे आपल्याजवळच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या रंगांत फरक किती? जेमतेम वीसपट. खऱ्या रात्री कंदिलाची ज्योत आणि कोपऱ्यातला अंधार यांत हजारो पटींचा फरक असतो. आपल्या हातात आहेत फक्त वीस. एवढ्या भांडवलात रात्र आणि दिवा दोन्ही दाखवायचे आहेत.

पण या भांडवलाचा एक मोठा गुण आहे. मांडवात ५०० लक्स असोत की बाहेर १०,०००, पांढरा रंग काळ्याच्या वीसपट प्रकाश परत पाठवतो तो पाठवतोच. प्रकाश वाढला तर दोघांचाही वाढतो. गुणोत्तर तेच राहते. म्हणजे रंगवलेला दिवा दिवसाच्या प्रकाशाशी झगडत नाही, त्याच्यावरच जगतो. हा असा अजब दिवा आहे की जो दिवसा जळतो आणि रात्री विझतो.

डोळा फसतो कसा, हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. एकाच करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर मधोमध चिकटवा, दुसरा पांढऱ्यावर. दोन्ही शेजारी ठेवून लांबून पाहा. काळ्यावरचा चौकोन उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा काळपट. कागद तर एकच आहे! आपला डोळा एखाद्या जागेचा उजेड सुटा मोजीत नाही, तो शेजाऱ्याशी तुलना करतो. म्हणून दिवा उजळ करायचा असेल, तर दिव्याला आणखी रंग लावून उपयोग नाही. आजूबाजूचे सारे काळोखात न्यावे लागते. नवशिके रंगारी नेमके येथे चुकतात. त्यांना काळोख करण्याचा धीर होत नाही. सुंदर निळा अंगरखा रंगवून झालेला असतो, त्यावर काळपट हात फिरवायला जीव धजत नाही.

रंगांचेही असेच आहे. पॅरिसच्या गोबेलीन कारखान्यात गालिचे आणि भिंतीवरचे चित्रपट विणले जात. तेथील रंगखात्याचे प्रमुख होते शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा रंगात खोट सापडली नाही. काळ्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. या शोधावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच की निळसर हिरव्या दिव्याभोवतीचा अंधार नुसता काळा न ठेवता किंचित तांबूस, चॉकलेटी ठेवावा. मशाल असेल तर भोवती निळसर काळा. मग दिव्याचा रंग अधिक खुलतो.

आता खऱ्या कामाला लागू. दिव्याचा प्रकाश पहारेकऱ्याच्या अंगावर कोठे किती पडेल? येथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात: अंतर, कोन आणि आडोसा.

अंतराचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला असेल. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट केले तर नववा हिस्सा. चौपट केले तर सोळावा. हा व्यस्त वर्गाचा नियम. वाचून सोडून देऊ नका, पडताळून पाहा. एका पांढऱ्या कागदावर मध्यभागी गोड्या तेलाचा थेंब लावा आणि जादा तेल टिपून घ्या. खोलीत अंधार करून कागद उभा धरा. एका बाजूस २० सेंटिमीटरवर एक मेणबत्ती ठेवा, दुसऱ्या बाजूस तशाच चार मेणबत्त्या अगदी जवळजवळ लावून हळूहळू पुढेमागे सरकवा. (घरातील मोठे माणूस जवळ असू द्या.) तेलाचा डाग कधी उजळ दिसेल, कधी काळपट. पण एका जागी तो जवळजवळ नाहीसा होईल. तेथे कागदाच्या दोन्ही बाजूंना सारखाच प्रकाश पडत असतो. अंतर मोजा. ते ४० सेंटिमीटरच्या आसपास येईल. एका मेणबत्तीचे काम दुप्पट अंतरावरून करायला चार लागल्या!

खोडदची दुर्बीण ज्या दीर्घिकांचे रेडिओ तरंग पकडते, ते तरंगही वाटेत याच नियमाने विरळ होत येतात. म्हणून तर एवढ्या अवाढव्य तबकड्या लागतात. आपला पहारेकरी लहान असला तरी नियम तोच.

समजा, दिवा त्याच्या छातीपासून एक सेंटिमीटरवर आहे. हनुवटी दोन सेंटिमीटरवर, गुडघा तीनवर, पायाचा चवडा चारवर. छातीवरील प्रकाश १ मानला, तर हनुवटीवर पाव, गुडघ्यावर एक नवमांश आणि चवड्यावर एक षोडशांश. आता या आकड्यांप्रमाणे रंगात काळा मिसळू लागाल तर थांबा. डोळ्याचे माप वेगळे आहे. प्रकाश पाव झाला म्हणून डोळ्याला जागा पावपट उजळ वाटत नाही. पांढऱ्याला शंभर आणि संपूर्ण काळोखाला शून्य गुण दिले, तर पाव प्रकाशातली पांढरी जागा डोळ्याला सुमारे ५७ गुणांची भासते, नवमांशातली ४० ची आणि षोडशांशातली ३० ची. म्हणजे हनुवटी निम्म्याहून थोडी अधिक उजळ, गुडघा त्याहून बराच मंद आणि चवडा जवळजवळ अंधारात. उतरण सुरुवातीला मोठी असते, पुढे सावकाश होते.

दिव्याचा उजेड रंगवावा तरी कोठपर्यंत? आपल्याजवळ वीसपटीचेच भांडवल आहे हे आठवा. वीसचे वर्गमूळ सुमारे साडेचार. म्हणजे दिव्याच्या सर्वांत जवळची जागा एक सेंटिमीटरवर असून ती स्वच्छ पांढरी रंगवली, तर साडेचार सेंटिमीटरपलीकडे पांढऱ्या वस्तूचा रंगसुद्धा आपल्या काळ्या पोस्टर रंगाशी येऊन मिळतो. तेथून पुढे उजेड दाखवायला रंगच उरत नाही. मग तो दाखवूही नये. सात सेंटिमीटरच्या बाहुल्यात दिव्याचे राज्य अर्ध्याअधिक अंगावर असते, बाकीचे अंग रात्रीचे. पहारेकऱ्याच्या टाचेपर्यंत निळा-हिरवा रंग फासणारे दिव्याला सूर्य समजतात.

दुसरी गोष्ट कोन. दुपारचे ऊन जमिनीवर कडक आणि संध्याकाळचे सौम्य, यात इतर कारणांबरोबर किरणांचा तिरपेपणाही असतो. किरण पृष्ठभागावर सरळ लंबरूप पडले तर प्रकाश पूर्ण. ते लंबापासून ६० अंश कलले तर निम्मा. पृष्ठभागाला घासून गेले तर शून्य. जर्मन भाषेत वाढलेले गणिती लँबर्ट यांनी १७६० साली हा नियम कोसाइनच्या रूपात मांडला. पहारेकऱ्याचा दिवा चेहऱ्याच्या खाली आहे. म्हणून हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांचा तळ, भुवईचा खालचा कंगोरा उजळायचा. नेहमी वरून प्रकाश पडत असल्यामुळे ज्या जागा आपण सवयीने काळ्या रंगवतो, नेमक्या त्याच! हनुवटीखाली विजेरी धरून भावंडांना भिववण्याचा खेळ कोण खेळला नसेल? आरशात तोच खेळ खेळा आणि या वेळी घाबरण्याऐवजी टिपण करा.

तिसरी गोष्ट आडोसा, आणि ही सर्वांत सोपी असून सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. म्हणून एक डोळा मिटा आणि दुसरा डोळा दिव्याच्या बाजूने, दिव्याच्या रेषेत आणा. तेथून पहारेकऱ्याचे जे जे दिसते, त्यावर उजेड पडतो. जे दिसत नाही, त्यावर पडत नाही. पट्ट्याच्या मागचा भाग, दंडाची बाहेरची बाजू, शिरस्त्राणाचा माथा हे दिव्याला दिसत नाहीत. तेथे उजेडाचा एक ठिपकाही नको. वाटल्यास बारीक दोरा दिव्यापाशी धरून ताणून पाहा. मध्ये हात आडवा आला की दोरा वाकेल.

यासाठी एक गमतीची हातयुक्ती आहे. जुन्या दात घासण्याच्या ब्रशावर थोडा पांढरा रंग घ्या आणि बोटाने केस मागे ओढून सोडा. बारीक तुषार सरळ उडतात. काळ्या रंगवलेल्या पहारेकऱ्यावर हे तुषार दिव्याच्या दिशेने, एक वीत अंतरावरून मारले, तर ते प्रकाशकिरणांसारखे वागतात. उघड्या जागी पांढरे ठिपके बसतात आणि आडोशाला जागा काळी राहते. सावल्या आपोआप बरोबर पडतात. मात्र अंतराचा नियम येथे पाळला जात नाही, हे ध्यानात असू द्या. ब्रश एका विताएवढा दूर असल्याने छाती आणि गुडघा यांच्यावर तुषार जवळजवळ सारखेच पडतात. तो फरक पुढे कुंचल्यानेच साधावा लागतो.

आता रंग. निळसर हिरव्या दिव्यात सगळेच निळसर हिरवे दिसेल असे वाटते ना? मुळीच नाही. विजेरीवर हिरवा जिलेटीन कागद बांधा आणि अंधारात आईच्या कपाळावरचे लाल कुंकू पाहा. ते काळे दिसेल. कुंकवाच्या अंगी लाल प्रकाश परत पाठवण्याचा गुण आहे, आणि हिरव्या उजेडात लाल जवळजवळ नसतोच, मग ते परत काय पाठवणार? आकड्यांत सांगायचे तर असे: समजा दिव्याच्या प्रकाशात लाल १० भाग, हिरवा १०० भाग आणि निळा ८० भाग आहे. पहारेकऱ्याचा लाल पट्टा लाल प्रकाशातला ७० टक्के, पण हिरव्या व निळ्यातला ५ टक्केच परत पाठवतो. म्हणजे परत आले लाल ७, हिरवा ५, निळा ४. एकूण काळपट तपकिरी. शेजारची पांढरी दाढी मात्र तिन्हींचे ८५ टक्के परत पाठवते: लाल साडेआठ, हिरवा ८५, निळा ६८. ती झगझगीत निळी-हिरवी. तेव्हा लाल पट्ट्यावर निळा-हिरवा रंग चढवू नका. त्याला दिव्याच्या इतक्या जवळ असूनही काळाच राहू द्या. पाहणारा हे कारण बोलून दाखवणार नाही, पण त्याच्या डोळ्याला ते पटेल.

आणि दिवा स्वतः? तो रंगाने सर्वांत गडद असावा असे आपल्याला वाटते, पण घडते उलटे. मशालीच्या ज्योतीकडे पाहा. तिचा सर्वांत तेजस्वी भाग जवळजवळ पांढरा-पिवळा दिसतो, नारिंगी आणि तांबडा कडेला. फार तेजस्वी प्रकाश असला की डोळ्यातील लाल, हिरवे आणि निळे जाणणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पेशी उत्तेजित होतात, आणि असा प्रकाश आपल्याला पांढरट भासतो. म्हणून दिव्याचा गाभा शुद्ध पांढरा, त्याभोवती अगदी फिकट निळसर हिरवे कडे, आणि गडद निळा-हिरवा रंग फक्त उजेड पडलेल्या जागांवर. दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी त्या गाभ्याइतके पांढरे असता कामा नये. छातीवरचा उजेड दिव्यापेक्षा उजळ झाला की सगळा खेळ मोडतो.

आपल्याकडच्या एका चित्रकाराने हे सारे किती बारकाईने पाहिले होते! सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. अंधारात उभी असलेली एक स्त्री, हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे वाटते, पण ते हळदणकरांचे आहे. त्यांची स्वतःची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती. चित्र जलरंगातले आहे, आणि हे विशेष. रूढ पद्धतीच्या जलरंगात पांढरा रंग लावीत नाहीत; जेथे उजेड हवा तेथे कागदच कोरा किंवा जवळजवळ कोरा राखायचा आणि अंधार भोवती पातळ हातांनी चढवीत जायचा. म्हणजे उजेड रंगवायचा नाही, अंधार रंगवायचा! एकदा कागद काळा झाला की उजेड परत आणणे फार कठीण. ज्योतीला आडोसा करणाऱ्या बोटांच्या कडा तांबूस का दिसतात, तेही पाहून ठेवा. विजेरी तळहाताखाली धरा. बोटे लाल दिसतील. मांसातून आणि रक्तातून जाताना प्रकाशाचे हिरवे-निळे भाग शोषले जातात आणि लाल काही प्रमाणात पार होतो. पहारेकऱ्याचा हात उघडा असेल आणि दिवा मशालीचा असेल, तर बोटांच्या कडांना एक तांबडी रेघ द्यायला विसरू नका.

हे समजले की रंगकाम फारसे अवघड नाही. शाडूचा पहारेकरी सावलीत चांगला वाळू द्या. हाताला तारेचा आधार दिला असेल तर माती आकसून तेथे भेग पडते, ती ओल्या मातीने बुजवा. दिवा वेगळा करा आणि तो सर्वांत शेवटी चिकटवा, नाहीतर कुंचला छातीपर्यंत पोचणारच नाही. आधी सगळ्या अंगाला तांबूस काळा हात. त्यावर वर सांगितलेले पांढरे तुषार. मग अंगरखा, पट्टा, दाढी यांचे मूळ रंग, पण मंद, जणू चांदण्यात पाहिल्यासारखे, आणि इतके पातळ की खालचे तुषार दिसत राहावेत. मग दुधाइतका पातळ निळा-हिरवा रंग, फक्त दिव्याला दिसणाऱ्या जागांवर, तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी दिव्याकडे थोडे आकसत जायचे. पोस्टर रंगात एक खोड आहे: वरचा ओला हात खालच्या वाळलेल्या रंगाला पुन्हा विरघळवतो आणि चिखल होतो. रंगात पांढऱ्या चिकट गोंदाचे दोन-चार थेंब मिसळले आणि मधे पूर्ण वाळू दिले, की हे बरेच टळते. ॲक्रिलिक रंग मिळाले तर प्रश्नच नाही. शेवटी दिव्याजवळच्या कंगोऱ्यांवर, नाकाच्या टोकाखाली, पट्ट्याच्या धातूच्या कडीवर बारीक कुंचल्याने फिकट रेघा. कडी चकचकीत असल्याने तिच्यात दिव्याचे प्रतिबिंबच दिसेल, म्हणून तेथे एकच तीक्ष्ण ठिपका पुरे.

पायाखालच्या खडकांना विसरू नका. दिव्याकडे तोंड केलेल्या त्यांच्या बाजूंवरही मंद उजेड हवा. नुसता पहारेकरी उजळला आणि जमीन तशीच राहिली, तर पाहणाऱ्याला दिवा दिसत नाही, हिरवा डाग दिसतो. प्रदर्शनात देखावा ठेवतानाही खिडकी त्याच्या पाठीमागे येईल असे ठेवू नका. मागून येणाऱ्या प्रकाशात डोळा दिपतो आणि तुमचे वीसपटीचे भांडवल पाचावर येते.

एकदा हे जमले की पुढचा प्रयोग करून पाहा. पहारेकऱ्याच्या डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा असे दोन दिवे आहेत, आणि मागे पांढरी भिंत. भिंतीवर त्याच्या दोन सावल्या पडतील. लाल दिव्यामुळे पडलेली सावली कोणत्या रंगाची? आणि दोन्ही दिव्यांचा उजेड जेथे एकत्र पडतो तेथे भिंत कशी दिसेल? रंग कालवण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहा. मग दोन विजेऱ्या, लाल आणि हिरवा जिलेटीन कागद, आणि भिंतीसमोर उभी केलेली एक पेन्सिल घेऊन ताडून पाहा. लाल आणि हिरवा पोस्टर रंग एकत्र कालवल्यावर जे मिळते, ते भिंतीवर मिळत नाही, एवढी सूचना देऊन ठेवतो.